उंडा, मांडा, चतकोर : बेळगाव सीमाभागातले पाच दिवस

पहिला दिवस : निपाणी

पुण्याहून निघण्यापूर्वी मी वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहून ठेवले होते : 'भाकरी-पावांची नावे ही मुळात त्यांच्या आकारांची नावे असतात.' युरोपातील पावांविषयी वाचताना ते सुचले होते आणि तिथे ते बऱ्याच अंशी खरेही आहे. फ्रेंच 'बागेत' म्हणजे काठी, 'क्रोआसाँ' म्हणजे चंद्रकोर, इटालियन 'चिआबाता' म्हणजे घरात घालायची सपाट चप्पल. फ्रेंच भाषेत पाव भाजणाऱ्याला 'बुलांजे' म्हणतात आणि ते नाव गोल गोळ्यासारखा पाव करणारा या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आले, असे मानले जाते. आपल्याकडेही असेच काही सापडेल, आणि ते मराठी व कन्नड या दोन भाषा एकाच चुलीभोवती बसतात त्या बेळगावच्या सीमाभागात अधिक ठसठशीत दिसेल, अशा खात्रीने मी संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात निघाले.

निपाणी हे माझे आजोळ. तंबाखूच्या वखारींचा उग्र वास गावाच्या वेशीवरच नाकात शिरतो आणि आजोळी पोहोचल्याची खूण पटते. मावशी ऐंशीच्या पुढची आहे. तरीही दोन्ही वेळच्या भाकरी ती स्वतः करते आणि सुनांना त्या कामाला हात लावू देत नाही. मी वही उघडून तिच्यासमोर बसले आणि भाकरीच्या आकारांना तुमच्याकडे काय काय म्हणतात, असे विचारले. काठवटीत शाळूचे पीठ मळता मळता तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आकार कसला विचारालीस बाई? भाकरी गोलच असती की. चौकोनी भाकरी कुणी बघितलीया?"

या एका प्रश्नाने माझ्या वाक्याला पहिला तडा गेला. जे नेहमीच गोल असते त्याच्या गोलपणाला वेगळे नाव देण्याचे कारण कोणाला पडत नाही. मग नावे कशाची असतात, हे पाहण्यासाठी मी तिच्या हातांकडे पाहत बसले. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ते कढत पाण्यात भिजवायचे, तळहाताच्या टाचेने रगडून मऊ करायचे आणि लाटण्याच्या वाटेला न जाता थापायचे, कारण लाटायला गेले तर कडा फाटतात. मावशीच्या बोलण्यात जे शब्द येत होते ते सगळे या क्रियेचे होते : थापणे, बडवणे, फिरवणे, पाणी लावणे, शेकणे. 'थाप' हा ढोलकीवर पडणाऱ्या हाताचाच शब्द आहे. (खोटे बोलणाऱ्यालाही आपण थापाड्या म्हणतो, त्याचा भाकरीशी संबंध जोडण्याचा मोह मी आवरला.)

हे लक्षात आल्यावर इतर नावेही ओळीने उभी राहिली. थालीपिठात थाळी आणि पीठ आहे, म्हणजे भांडे आणि जिन्नस. धपाटे हा शब्द तर पाठीत बसणाऱ्या धपाट्यापासून दूर नाही. फुलका फुलतो म्हणून फुलका. घडीच्या पोळीत घडी असते. दशमीचे वैशिष्ट्य ती दुधात भिजवलेली असण्यात आहे. सर्वांत गमतीची गोष्ट चपातीची. संस्कृतात 'चर्पट' म्हणजे बोटे पसरलेला उघडा तळहात आणि 'चर्पटी' म्हणजे पिठाची पातळ चपटी भाकरी. चपटा, चापट, चपराक ही सारी त्याच गोतावळ्यातली मंडळी दिसतात. ज्या भाकरीचे नाव तळहातावरून पडले ती आज आपण पोळपाटावर लाटतो आणि तळहाताने थापायची ती मात्र दुसऱ्याच नावाने ओळखली जाते.

जेवताना मात्र आकाराचा शब्द मिळाला, आणि तोही मी मागितला नसताना. मला दुसरी भाकरी नको होती. मावशी म्हणाली, "सबंध नको तर चतकोर घे. चतकोरानं काय हुतंय?" चतकोर म्हणजे भाकरीचा चौथा भाग : 'चत' मध्ये चार आहेत आणि 'कोर' म्हणजे कड किंवा काप, चंद्रकोरीत असते तीच. त्याहून लहान तुकडा तो नितकोर. सबंध भाकरीला नसलेले आकाराचे नाव ती मोडल्यावर मिळते, एवढे मी वहीत टिपले आणि पहिल्या पानावरचे वाक्य खोडायचे की राखायचे याचा निर्णय पुढे ढकलला. मावशी ताट उचलताना म्हणाली, "मी उद्या धपाटी करतो, खाऊन जा." या भागात बायकाही 'मी करतो, मी जातो' असेच म्हणतात, पुण्यात वाढलेल्या माझ्या कानाला ते दर वेळी एक क्षण अडखळवते आणि नंतर गोड वाटते.

दुसरा दिवस : बेळगाव

राष्ट्रीय महामार्गावरून बेळगाव दीड तासात आले. 2014 च्या 1 नोव्हेंबरपासून गावाचे अधिकृत नाव 'बेळगावी' असले, तरी गणपत गल्लीत आणि खडेबाजारात मराठी तोंडी 'बेळगाव'च आहे. मी आधी कॅम्पात गेले, कारण पावाची भट्टी पाहायची होती.

छावणीच्या या भागात गोव्याकडून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची जुनी वस्ती आहे. एका लहानशा बेकरीच्या मालकांनी मला पहाटेचा घाणा संपल्यावर आत येऊ दिले. साठीतले गृहस्थ, बोलणे अर्धे मराठी आणि अर्धे कोंकणी. पाव हा शब्द कुठून आला असे विचारताच त्यांनी दोन उत्तरे एका दमात दिली : पूर्वी पीठ पायांनी तुडवीत म्हणून पाव, नाही तर एका लादीचे चार भाग होत म्हणून पाव, पाव किलोतला. ही दोन्ही उत्तरे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दोन्ही चूक आहेत. पाव किलोतला 'पाव' संस्कृत 'पाद' पासून आला आहे. पाऊण म्हणजे पाद-ऊन, त्याच घरचा. खायचा पाव मात्र पोर्तुगीज 'पाँव' चे आपल्या तोंडी झालेले रूप आहे आणि त्याच्या मागे लॅटिन 'पानिस' उभा आहे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतले आणि त्यांच्या मागोमाग भट्टीची भाकरी आली. जपानी भाषेतही पावाला 'पान' म्हणतात, तोही पोर्तुगीज जहाजांतूनच तिथे उतरलेला शब्द आहे. गोव्यात पाववाल्याला 'पोदेर' म्हणतात, तेही पोर्तुगीज 'पादेइरु' चे रूप. मी हे सांगितल्यावर मालक जरा खट्टू झाले. पायांची गोष्ट त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितली होती आणि शब्दांच्या व्युत्पत्तीपेक्षा आजोबा जवळचे असतात, हे मान्य करायला हवे.

'पावरोटी' हा शब्द तर मला नेहमीच मजेदार वाटतो : एका भाषेतली भाकरी आणि दुसऱ्या भाषेतली भाकरी यांची जोडी लावून झालेली तिसरी भाकरी. त्यातली रोटीही फारशी जुनी नव्हे. संस्कृतात 'रोटिका' हा शब्द उशिरा, सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथासारख्या ठिकाणी भेटतो. आज कन्नड घरात ज्वारीच्या भाकरीला रोट्टी म्हणतात, मराठी घरात भाकरीच म्हणतात, आणि उत्तरेतली रोटी गव्हाची असते. एकाच नावाखाली धान्य बदलत जाते.

मालकांच्या फळ्यांवर मात्र माझे वाक्य पुन्हा जिवंत झाले. फरशीच्या लादीसारखा सलग बाहेर पडणारा, बोटाने तोडून विकायचा तो लादी पाव. गोव्याच्या पद्धतीचे पाव ते रोज करत नाहीत, पण नावे त्यांनी हाताने हवेत आकार काढून सांगितली : 'काकण' म्हणजे बांगडीसारखे कडे, चहात बुडवून खायचे, 'कात्रो' म्हणजे कातरीने काप देऊन पाकळ्यांसारखा उघडलेला, आणि 'उंडो' म्हणजे गोल, टणक कवचाचा. उंडो ऐकताच मी थांबले. मराठीत कणकेच्या किंवा पुरणाच्या गोळ्याला उंडा म्हणतात; कन्नडमध्ये लाडवाला आणि कोणत्याही वळलेल्या गोळ्याला उंडे म्हणतात. मराठी उंडा, कन्नड उंडे, कोंकणी उंडो : तीन भाषा एकच गोळा वळत होत्या. फ्रेंचांच्या बुलांजेशी याचे शब्दाचे नाते काही नाही, पण विचाराचे नाते निश्चित आहे.

मग भट्टीच्या भाकरीला आकाराचे नाव मिळते आणि तव्याच्या भाकरीला का मिळत नाही? मालकांच्या हातातल्या पिठाकडे पाहून त्याचे उत्तर मिळाले. गव्हाचे आंबवलेले पीठ चिवट असते. त्याची बांगडी करा, वेणी घाला, कातरीने कापा. भट्टीत चारी बाजूंनी ऊब लागून ते जसे ठेवले त्या आकारात फुगते आणि तसेच राहते. तव्याला एकच बाजू तापते. त्यावर पातळ, सपाट आणि सगळीकडे सारखे पसरलेले पीठच नीट भाजते, आणि हाताने फिरवत थापलेले पीठ आपोआप वाटोळे होते. ज्याला दुसरा आकार शक्य आहे त्यालाच आकाराचे नाव लागते.

दुपार मांड्यांसाठी राखून ठेवली होती. बाहेरचे लोक बेळगाव म्हटले की कुंद्याची आठवण काढतात. बेळगावकरांच्या लग्नघरात मात्र मान मांड्यांचा असतो. कन्नडमध्ये त्यांना मंडिगे म्हणतात. शहापूर भागातील एका घरात लग्नाच्या तयारीसाठी मांडे करणाऱ्या बाई आल्या होत्या आणि त्या घरच्या आजींनी मला बसायला पाट दिला. उंड्यात पिठीसाखर आणि वेलदोड्याचे सारण भरून तो आधी लाटला जातो. नंतर तो दोन्ही हातांवर घेऊन, मनगटांवरून कोपरांपर्यंत खेळवत इतका ताणला जातो की पलीकडची खिडकी त्यातून दिसावी. मग तो विस्तवावर पालथ्या घातलेल्या तापल्या भांड्याच्या पाठीवर अलगद पसरायचा. कच्चा असेपर्यंत तो रेशमासारखा असतो. शेकला की काही क्षणांत कुरकुरीत होतो, म्हणून गरम असतानाच चारी बाजूंनी दुमडून त्याची चौकोनी घडी घालावी लागते. आजी म्हणाल्या, "घडी चुकली की मांडा गेला. मग तो चुरा, मांडा न्हवे."

आकाशाएवढा गोल आणि ताटाएवढी चौकोनी घडी. तरी नाव आकाराचे नाहीच. मांडा हा संस्कृत 'मण्डक' आहे आणि या नावाला सुमारे नऊशे वर्षे या प्रदेशात राहून झाली आहेत. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे जे प्रकरण आहे, त्यात मण्डक आहे, 'पोलिका' आहे आणि निखाऱ्यावर भाजलेली 'अंगारपोलिका' सुद्धा आहे. आजच्या कर्नाटकातील राजधानीत बसून लिहिलेल्या त्याच ग्रंथात मराठी पद्याच्या ओळीही आढळतात. त्या राजाच्या ताटातली पोलिका आणि मण्डक आज शहापूरच्या एका माजघरात कोणतीही राजाज्ञा नसताना शेकले जात आहेत, ही गोष्ट मला त्या दुपारी ग्रंथापेक्षा अधिक पटली.

'मनात मांडे खाणे' हा वाक्प्रचार आजींनीच काढला. मांडे मनातच का खायचे, पेढे का नाहीत, याचे त्यांचे स्पष्टीकरण मला आवडले : मांडे करायला माणसे लागतात, तूप लागते, विस्तव लागतो आणि सगळ्यांत आधी ते पालथे घालायचे खापर लागते. गरिबाला मनातच खाणे परवडते. त्यावरून बोलणे मुक्ताबाईकडे वळले. विसोबाने कुंभाराला मना केल्यामुळे खापर मिळाले नाही आणि ज्ञानेश्वरांनी जठराग्नी चेतवून पाठीवर मांडे भाजून दिले, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला चमत्कार म्हणून सांगितली जाते. पालथ्या भांड्याच्या तापलेल्या पाठीवर मांडा पसरताना प्रत्यक्ष पाहिल्यावर मला त्या कथेतली 'पाठ' प्रथमच कळली.

तिसरा दिवस : खानापूर

कथेतला कुंभार शोधायचा तर बेळगावहून खानापूरला जाण्यास पर्याय नाही. बेळगावच्या दक्षिणेला सुमारे सव्वीस किलोमीटरवर मलप्रभेच्या काठी हे गाव आहे. इथली माती विटा, कौले आणि मडकी यांसाठी ओळखली जाते आणि खादी ग्रामोद्योगाची मध्यवर्ती कुंभारकाम शिक्षणसंस्था याच गावात आहे. सकाळी रस्त्याकडेला धुक्यात विटांच्या भट्ट्या धुमसत होत्या.

एका कुंभारवाड्यात चाकावर मातीचा तवा आकार घेत होता. घरातले काका मराठी बोलत होते, पण त्या तव्याला ते 'हंचु' म्हणाले. ते चुकून कन्नड शब्द वापरताहेत, असे समजून मी त्यांना दुरुस्त करू पाहिले. त्यांनी शांतपणे छपराकडे बोट दाखवले. "तो पण हंचु, हा पण हंचु." कन्नडमध्ये घरावरचे कौल, फुटक्या मडक्याची खापरी आणि भाकरीचा तवा या तिन्हींना हंचु हा एकच शब्द आहे. डोक्यावर असला की कौल, चुलीवर असला की तवा.

आपल्याकडेही असेच आहे, हे बसमध्ये परत बसल्यावर ध्यानात आले. संस्कृत 'कर्पर' म्हणजे खापर, कवटी आणि भांडेही. त्यापासून मराठी खापर. खानदेशातील खापरपोळी खापरावर भाजतात म्हणून खापरपोळी. तिचेही नाव तिच्या आकाराला नाही, ती ज्यावर पडते त्याला मिळाले आहे. पानांत गुंडाळून भाजलेला पानगा याच रांगेत बसतो.

फर्डिनांड किटेल यांचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश 1894 मध्ये मंगळूरच्या बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने प्रसिद्ध केला. आणि ज्याला आपण मंगलोरी कौल म्हणतो त्याचा कारखानाही याच मिशनने मंगळूरला 1865 मध्ये काढला. हंचु हा शब्द एका हाताने कोशात आणि दुसऱ्या हाताने छपरावर बसवण्याचे काम एकाच संस्थेने केले, हा योगायोग मी काकांना सांगू शकले नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

जांबोटीकडून चोर्ल्याच्या घाटापर्यंत जाण्याचा बेत होता. बस चुकली, पुढची आलीच नाही. त्या दिवसाची बाकीची नोंद भज्यांची आहे आणि ती या लेखात येत नाही.

चौथा दिवस : गोकाक आणि अथणी

पूर्वेकडे निघाले की डोंगर मागे पडतात, माती काळी होते आणि बसमधली भाषा हळूहळू बदलते. गोकाकला धबधबा पाहण्याचे दिवस पावसाळ्यातले. जानेवारीत घटप्रभेचे पाणी खडकाला चिकटून उतरत होते. लोक इथून करदंट ही मिठाई विकत घेतात. 'करिद अंटु' म्हणजे तळलेला डिंक. ते नाव निव्वळ कृतीचे आणि जिनसाचे आहे, म्हणून माझ्या हिशेबात ते जमेच्या बाजूला पडले.

बाजारामागच्या एका घरात पाच-सहा बायका विकण्यासाठी कडक रोट्ट्या करत होत्या. पहिला प्रश्न त्यांनीच मला विचारला : "ऊटा आतेन्री?" जेवण झाले नसल्याचे कबूल केल्यामुळे मला लगेच पंगतीत घेण्यात आले. कन्नडमध्ये इथे रोट्टी करण्याला 'बडि' हे क्रियापद लावतात. बडि म्हणजे मारणे, ठोकणे. मराठीत आपण भाकऱ्या 'बडवतो' ते निपाणीला मावशीच्या तोंडी ऐकले होते. इथे तोच आवाज आणि जवळजवळ तोच शब्द दुसऱ्या भाषेत ऐकू आला. चपाती करताना मात्र त्या 'लट्टिसु' म्हणत आणि लाटण्याला 'लट्टणिगे'. या एका शब्दासाठी दुभाषाची गरज कोणालाच पडली नसती. पीठ बडवायचे असो की लाटायचे, या पट्ट्यात दोन्ही भाषांनी हातांची क्रियापदे एकमेकींपासून उसनी घेतलेली आहेत आणि कोणी कोणाला परत मागितलेली नाहीत.

गरम असेल ती 'बिसी रोट्टी' आणि शेकून, वाळवून कुरकुरीत केलेली ती कडक रोट्टी. ती कित्येक दिवस टिकते. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेच्या जत्रेला बैलगाडीने निघणाऱ्यांच्या बुत्तीत, म्हणजे शिदोरीत, पूर्वी हीच असे. तिथल्या वयस्क अक्कांनी एक रोट्टी कानाजवळ धरून मोडून दाखवली. तिचा 'कट्' असा आवाज झाला आणि त्या हसल्या. जिला मोडताना आवाज नाही ती शिळी, एवढीच तिची परीक्षा. मी डझनभर विकत घेतल्या. त्यांनी त्या वर्तमानपत्रात बांधून एका लहान बुट्टीत ठेवून दिल्या आणि बुट्टी आडवी होऊ देऊ नका, असे दोनदा बजावले.

अथणीला पोहोचेपर्यंत दिवे लागले होते. कोल्हापुरी चपला या नावाने जगभर जाणाऱ्या पायताणांतील बऱ्याच जोड्या अथणी आणि निपाणी भागात शिवल्या जातात. 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत. एका दुकानात तळव्याच्या चामड्याचे लांबट, कडांनी किंचित उचललेले तुकडे रचून ठेवले होते. 1982 मध्ये इटलीत तयार झालेल्या चिआबाता पावाला चप्पल का म्हणत असतील, हे मला ते पाहून तत्काळ कळले. कारागिराला मी हे सांगितले. इटलीत चपलेच्या आकाराचा पाव असतो आणि त्याला चप्पलच म्हणतात, यावर त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग ते लोक जेवताना काय म्हणतात? चप्पल वाढा?"

पाचवा दिवस : चिक्कोडी परिसर

भोगीचा दिवस. मावशीच्या नात्यातल्या एका घरी चिक्कोडीजवळच्या खेड्यात मुक्काम होता. सासू मराठी, सून गोकाकच्या बाजूच्या कन्नड घरातली. दोघींचे एकमेकींशी बोलणे मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपत होते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या भाज्यांची एकत्र भाजी हे दोन्ही घरांत सारखेच. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असे सासूबाईंनी म्हटले आणि सुनेने बाजरीच्या पिठाला सज्जे म्हणत ते परातीत ओतले. थापताना भाकरीवर तीळ पसरून हाताचा हलका दाब दिला की ते पिठात बसतात. सून तिळाला येळ्ळु म्हणत होती.

दुसऱ्या दिवशीच्या संक्रांतीसाठी पोळ्यांची तयारीही चालू होती. सासूबाई गुळाची पोळी करणार होत्या आणि सूनबाई शेंगा होळिगे. शेंगा हा शब्द कन्नडने जसाच्या तसा घेतला आहे, फक्त तो त्यांच्याकडे दाण्यांचा आहे. होळिगे मात्र आपल्या पोळीपासून दूर वाटते, पण ते अंतर एका अक्षराचे आहे. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीच्या 'प' चा दहाव्या शतकानंतर हळूहळू 'ह' होत गेला. त्यामुळे दुधाचे पालु ते हालु झाले, वाघाचे पुलि ते हुलि झाले, आणि पळ्ळि हे गावाचे नाव हळ्ळी झाले, जे या पाच दिवसांत मी निदान पन्नास पाट्यांवर वाचले असेल. पापडाचे हप्पळ झाले. त्याच न्यायाने पोळिगेची होळिगे झाली. मानसोल्लासातली पोलिका एका वाटेने पोळी होऊन सासूबाईंच्या परातीत आली आणि दुसऱ्या वाटेने होळिगे होऊन सूनबाईंच्या. मी हे दोघींना समजावून सांगितले. सून म्हणाली, "म्हणजे एकच की हो." सासूबाई म्हणाल्या, "एक कशी? हिच्यात दाण्याचं कूट आहे." दोघींचेही बरोबर होते.

पुरणपोळीतले 'पुरण' भरण्याच्या क्रियेचे आहे, 'पूर्' या धातूचे. पुरी त्याच धातूची लेक. म्हणजे इथेही नाव बाहेरच्या गोलाला नाही, आत काय झाले त्याला आहे. आकाराचे म्हणून जे पदार्थ त्या स्वयंपाकघरात सापडले ते सगळे तळणीचे होते. सुनेने डब्यातून कोडुबळे काढून दिले. कोडु म्हणजे शिंग आणि बळे म्हणजे बांगडी. आमच्या कडबोळ्याला त्यांच्या शेजारी ठेवले तर मुलांना फरक सांगता येत नव्हता. गोव्याच्या काकणाप्रमाणे हेही एक कडेच, आणि भट्टीप्रमाणेच कढईतही पीठ ठेवाल त्या आकारात राहते.

शेवटच्या पिठाची लहानशी भाकरी सासूबाईंनी नातवासाठी थापली. तिला मराठीत चानकी म्हणतात. नातू तिच्यावर खूश नव्हता. त्याला सबंध मोठी हवी होती, कारण मोठीचा पापुद्रा मोठा असतो.

संध्याकाळी निपाणीमार्गे परतीची बस धरली. बुट्टी मांडीवर उभी धरून बसले होते, पण संकेश्वरच्या पुढे एका खड्ड्यात ती माझ्या हातून निसटून आडवी झालीच. पुण्याला घरी उघडून पाहिले तेव्हा बारांपैकी पाच कडक रोट्ट्या सबंध होत्या. चार अर्ध्यावर मोडल्या होत्या, दोन सरळ चतकोर झाल्या होत्या आणि एकीचे इतके नितकोर झाले होते की ते मोजण्याऐवजी मी दह्यात टाकले.